प्यादं द्यावं की देऊ नये? धोक्याच्या गॅम्बिटबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बडोद्यात दांडिया बाजारातल्या आमच्या घराच्या ओटल्यावर रोज संध्याकाळी पाच-सहा पट मांडलेले असतात. शिकायला येणारी मुलं, त्यांना न्यायला आलेले आईबाप आणि "काका, एक डाव होऊन जाऊ दे" म्हणत टेकणारे रिटायर झालेले शेजारी. हल्ली या सगळ्यांचे प्रश्न एकाच गोष्टीवर येऊन थांबतात: गॅम्बिट. एखादं पोरगं मोबाइलवर व्हिडिओ बघून येतं, आठव्या चालीला मात करतं, की दुसऱ्या दिवशी अख्ख्या ओटल्यावर तेच ओपनिंग (डावाची ठरलेली सुरुवात) सुरू. तीच तीच उत्तरं देऊन कंटाळलो, म्हणून एकदाचं लिहून काढलं.

चाली लिहिताना घो म्हणजे घोडा, उं उंट, ह हत्ती, व वजीर, रा राजा. प्याद्याला अक्षर नाही. × म्हणजे मारलं, + म्हणजे शह. उभ्या पट्ट्या पांढऱ्याच्या डावीकडून ए ते एच, आडव्या ओळी पांढऱ्याकडून १ ते ८. आकड्यानंतर आधी पांढऱ्याची चाल, मग काळ्याची; आकड्यापुढे तीन टिंबं असतील तर फक्त काळ्याची. शक्यतो पट समोर घेऊन वाचा.

गॅम्बिट म्हणजे नेमकं काय?

डावाच्या सुरुवातीलाच एखादं प्यादं, क्वचित एखादा मोहरा, जाणूनबुजून द्यायचा आणि त्याच्या बदल्यात वेळ, मोकळ्या वाटा किंवा समोरच्या राजावर हल्ला मिळवायचा. शब्द इटालियन 'गांबेत्तो'वरून आला. त्याचा अर्थ पायात पाय घालून पाडणं. स्पॅनिश पाद्री रुय लोपेझ याने १५६१ साली तो बुद्धिबळाच्या लिखाणात आणला. बडोदेकराला हे वेगळं समजावायला नको. सयाजीरावांच्या काळापासून इथे कुस्तीला मान आहे आणि जुम्मादादा व्यायाम मंदिर आमच्याच दांडिया बाजारात. तिथल्या कुठल्याही पोराला विचारा, टांग मारायची तर आधी स्वतःला एका पायावर उभं राहावं लागतं. समोरचा पडला तर ठीक, नाहीतर आपणच तोंडावर. गॅम्बिटचा सगळा हिशेब या एका पायात आहे.

आणि हो, चुकून गेलेल्या प्याद्याला मागाहून गॅम्बिट म्हणायचं नाही. ओटल्यावर हा प्रकार दिवसाआड होतो.

क्वीन्स गॅम्बिटही धोक्याचा का? नाव तर तेच आहे.

नाही. ते प्यादं दिलेलं नसतं, उसनं असतं. १.डी४ डी५ २.सी४ डी×सी४ झाल्यावर काळा ते प्यादं धरून बसू पाहील तर बघा: ३.ई३ बी५ ४.ए४ सी६ ५.ए×बी५ सी×बी५ ६.व-एफ३. वजिराची नजर थेट ए८ च्या हत्तीवर. मधे घोडा किंवा उंट घातला तर तो जातो, नाही घातला तर हत्ती जातो. म्हणून काळा शहाणा असेल तर प्यादं निमूट परत करतो आणि आपले मोहरे बाहेर काढतो.

मग धोक्याचे कोणते?

माझ्या मते खरा फरक प्यादं गेलं की राहिलं याचा नसून मोबदला किती वेळ टिकतो याचा आहे. बेन्को गॅम्बिटमध्ये (१.डी४ घो-एफ६ २.सी४ सी५ ३.डी५ बी५) काळा प्यादं देतो आणि ए आणि बी या दोन मोकळ्या पट्ट्यांवर त्याचे हत्ती बसतात. वजीर मारले गेले तरी तो दाब संपत नाही. हा गॅम्बिट असला तरी धोक्याचा नाही. स्पॅनिश ओपनिंगमधला मार्शलही असाच. फ्रँक मार्शलने १९१८ साली न्यूयॉर्कला कापाब्लांकावर तो टाकला, कापाब्लांकाने पटावर बसल्या बसल्या बचाव शोधून डाव जिंकला. आणि तरीही आज मोठे मोठे खेळाडू मार्शल टाळायलाच वेगळ्या चाली खेळतात.

दुसऱ्या टोकाला एंग्लंड, स्टॅफर्ड, लॅटव्हियन, हॅलोवीन. हॅलोवीनमध्ये तर पांढरा चौथ्या चालीला ई५ च्या एका प्याद्यासाठी अख्खा घोडा देतो. यांचा मोबदला समोरच्याच्या एका चुकीवर टांगलेला असतो. चूक झाली नाही की हातात काही उरत नाही. किंग्ज गॅम्बिट (१.ई४ ई५ २.एफ४), डॅनिश, स्मिथ-मोरा हे मधले. खरी तपासणी यांचीच करायची असते, कारण यांच्याबद्दल एका वाक्यात निकाल देता येत नाही.

इंजिन (चाली तपासणारा संगणकाचा प्रोग्रॅम) किंग्ज गॅम्बिटला उणे अर्धा-पाऊण दाखवतं. म्हणजे तो वाईटच ना?

दोन्ही बाजूंनी इंजिनच खेळत असेल तर वाईट. तुमच्यासमोर कारेलीबागेतला नववीतला मुलगा असेल तर त्या आकड्यावरून फारसं काही कळत नाही. स्टॉकफिश या इंजिनने २०२२ च्या शेवटापासून आपली मोजपट्टीही बदलली आहे. आता एक पूर्ण आकडा म्हणजे एक प्यादं असं राहिलं नाही. तोडीस तोड इंजिनांमध्ये त्या बाजूला जिंकण्याची निम्मी शक्यता, असा त्याचा अर्थ. लोक अजून तो प्याद्यांत मोजतात.

माझी पद्धत सांगतो. इंजिनला एकच चाल दाखवायला लावू नका, चार ओळी (चार वेगवेगळ्या चाली आणि त्यांचे आकडे) दाखवायला लावा. आणि ज्याला गॅम्बिट खायचा आहे त्याच्या पाळीला थांबा. समजा त्याच्या पहिल्या चालीचा आकडा त्याला पाऊण प्याद्याची आघाडी देतो, दुसरीचा बरोबरी, तिसरीचा दीड प्याद्याची पिछाडी. मग तो माणूस डोंबाऱ्याच्या दोरीवर आहे. एकच चाल बरोबर, आणि ती त्याला घड्याळ चालू असताना शोधायची आहे. असं लागोपाठ तीन-चार चाली होत असेल तर गॅम्बिट उणे असूनही खेळण्यालायक आहे. उलट चारही ओळी सारख्याच, तो काहीही खेळला तरी वर, तर आपण प्यादं दान केलं. आकडा दोन्हीकडे सारखा असू शकतो, खेळणाऱ्याचं भवितव्य मात्र सारखं नसतं.

आणखी एक बघायचं. ती एकमेव बरोबर चाल हाताला सहज येणारी आहे का? घोडा बाहेर काढणं, कॅसलिंग (राजा आणि हत्ती एकाच चालीत हलवणं) करणं, अशी असेल तर समोरचा न समजताही ती खेळून जातो. राजा मधे चालवणं, घरी परतणारा उंट, अशी कुरूप असेल तर भले भले चुकतात.

तपासायला सुरुवात कुठून करू?

पट फिरवा. खरोखर हाताने फिरवा, अॅपमध्ये असाल तर फिरवायचं बटण दाबा. ज्याच्यावर गॅम्बिट टाकायचा त्याच्या खुर्चीत बसा आणि तीन गोष्टी विचारा: मी घेतलं तर? मी घेतलंच नाही तर? मी घेऊन परत दिलं तर?

मुलं पहिल्याचीच तयारी करतात, तीही समोरचा हावरट आहे असं धरून. खरा त्रास तिसरा प्रश्न देतो. डॅनिश घ्या: १.ई४ ई५ २.डी४ ई×डी४ ३.सी३ डी×सी३ ४.उं-सी४ सी×बी२ ५.उं×बी२. पांढरा दोन प्याद्यांनी मागे, पण दोन्ही उंट काळ्याच्या राजाच्या अंगणात बंदुका रोखून बसलेले. चित्र बघून कोणाचंही मन भरतं. आता काळ्याच्या खुर्चीतून ५...डी५ खेळा. उंट ते प्यादं मारतो, ६.उं×डी५. मग ६...घो-एफ६. पांढऱ्याला वाटतं घबाड मिळालं: ७.उं×एफ७+ रा×एफ७ ८.व×डी८. वजीर गेला! पण ८...उं-बी४+ येतो आणि शहाला वजीर मधे घालण्यावाचून चांगला मार्ग नाही. ९.व-डी२ उं×डी२+ १०.घो×डी२. मोजून बघा. वजिराला वजीर, उंटाला उंट, प्यादी दोघांचीही पाच-पाच. हल्ला संपला, दोनपैकी एक बंदूक गेली, बरोबरीचा एंडगेम (डावाचा शेवटचा टप्पा) सुरू. हा बचाव ऑस्ट्रियाच्या कार्ल श्लेख्टरच्या नावाने ओळखला जातो. डॅनिश खेळणाऱ्याने हा एंडगेम आपल्याला आवडतो का ते आधी ठरवावं. आवडत नसेल तर डॅनिशचा नाद सोडावा, कारण ज्याला हे माहीत आहे तो तुम्हाला इथेच आणून सोडणार.

माझ्या मुलाने एंग्लंडने लागोपाठ सहा डाव जिंकले. मग त्यात चूक काय?

सहाही वेळा समोरच्याने एकच चूक केली असणार. पटावर लावू. १.डी४ ई५ २.डी×ई५ घो-सी६ ३.घो-एफ३ व-ई७ ४.उं-एफ४ व-बी४+ ५.उं-डी२ व×बी२. वजीर आत घुसला, हत्तीवर डोळा. पांढरा घाबरून ६.उं-सी३ खेळतो, कारण त्याने वजिरावरही हल्ला होतो आणि हत्तीही झाकला जातो. इथे ६...उं-बी४. उंट उंटाला भिडला. ७.व-डी२ उं×सी३ ८.व×सी३, आणि ८...व-सी१ मात. पांढऱ्याच्या वजिराला सी१ वर परतायचंय, पण मधे सी२ वर त्याचंच प्यादं उभं आहे. घोड्याने मारलं असतं तर ए१ चा हत्ती शहासकट गेला असता. सापळा सुंदर आहे, वाद नाही.

आता पट फिरवा. सहाव्या चालीला उंटाऐवजी ६.घो-सी३ खेळा. ए१ च्या हत्तीच्या आणि पांढऱ्याच्याच वजिराच्या मधे काही अडचण नाही, म्हणजे हत्ती झाकलेला, आणि बी१ घर हत्तीला मोकळं. ६...उं-बी४ ७.ह-बी१ व-ए३ ८.ह-बी३, आणि काळ्याचा वजीर सावली शोधत पळतोय. राजा मधे, घोडे-उंट निम्मे घरात, पांढऱ्याला प्याद्याहून जास्त फायदा. आणि ६.घो-सी३ ही काही कुरूप चाल नाही, पहिलीतल्या मुलाच्याही हाताला येईल. म्हणजे हा गॅम्बिट वरच्या कसोटीला दोनदा नापास: चूक एकच हवी, आणि बरोबर चाल सोपी.

मुलाला ओरडू नका. तोच डाव पांढऱ्याकडून माझ्याशी खेळायला पाठवा.

स्टॅफर्डमध्ये दर वेळी मार खातो. उपाय?

१.ई४ ई५ २.घो-एफ३ घो-एफ६ ३.घो×ई५ घो-सी६ ४.घो×सी६ डी×सी६ इथपर्यंत आलात की ५.डी३ उं-सी५ ६.उं-ई२, आणि मग शांतपणे कॅसलिंग. सहाव्या चालीला उं-जी५ खेळून घोडा बांधायचा मोह होतो, तो टाळा. ६...घो×ई४ ७.उं×डी८ उं×एफ२+ ८.रा-ई२ उं-जी४ मात. काळ्याचा वजीर पटाबाहेर आणि पांढऱ्याचा राजा दोन उंट आणि एका घोड्यात अडकलेला. एरिक रोझेनने आपल्या व्हिडिओंतून हा गॅम्बिट घराघरात नेला, त्यामुळे आता निदान अर्धी दुनिया तो ओळखते. इंजिनच्या हिशेबाने पांढरा जवळपास दोनने वर असतो.

लिचेस या बुद्धिबळाच्या वेबसाइटवर एखाद्या गॅम्बिटची जिंकण्याची टक्केवारी चांगली दिसते. ती खरी धरायची का?

खरी आहे, पण कोणाची हे बघा. लिचेसच्या ओपनिंग एक्स्प्लोररमध्ये मास्टर्सचे डाव वेगळे आणि सगळ्या सदस्यांचे वेगळे बघता येतात, आणि सदस्यांच्या डावांना रेटिंगची (खेळाडूच्या ताकदीच्या आकड्याची) आणि वेळेची चाळणी लावता येते. आधी तुमचं रेटिंग लावा. मग त्याच्यावरच्या दोन पायऱ्या लावा. टक्केवारी पायरीगणिक घसरत गेली तर तो सापळा आहे, ओपनिंग नव्हे. मग बुलेट-ब्लिट्झ (काही मिनिटांचे झटपट डाव) काढून फक्त रॅपिड आणि क्लासिकल (जास्त वेळाचे) ठेवा आणि पुन्हा बघा. एखाद्या फांदीत डावच मोजके असतील तर तिथली टक्केवारी वाचूच नका.

घड्याळाने फरक पडतो का?

खूप. तीन मिनिटांच्या डावात स्मिथ-मोरा मी आजही खेळेन. दीड तासाच्या डावात समोरच्याला विचार करायला वीस मिनिटं मिळतात, तिथे हात आखडता घेईन.

तुम्ही स्वतः कधी फसलात?

फसलो, आणि गॅम्बिट टाकणारा मीच होतो. काही वर्षांपूर्वी गणपतीत एका मंडळाच्या मांडवात स्पर्धा होती. मागे आरतीची तयारी, पुढे सतरंजीवर पट. माझ्यासमोर दहा-अकरा वर्षांची मुलगी. मी सिसिलियनला स्मिथ-मोरा टाकला: १.ई४ सी५ २.डी४ सी×डी४ ३.सी३ डी×सी३ ४.घो×सी३ घो-सी६ ५.घो-एफ३ ई६ ६.उं-सी४ व-सी७ ७.कॅसलिंग घो-एफ६ ८.व-ई२ घो-जी४. तिचा घोडा माझ्या दारात आलेला बघून हसू आलं. ९.एच३ खेळून त्याला हाकलला, म्हणजे हाकलला असं मला वाटलं. तिने मान वर न करता ९...घो-डी४ खेळलं, दुसरा घोडा. माझ्या वजिरावर हल्ला. तो घोडा मारावा तर व-एच२ मात. वजीर हलवावा तर ती एफ३ चा घोडा शहासकट मारते आणि मग पुन्हा एच२. वजीर देण्यावाचून सुटका नव्हती. तिने डब्यातला मोदक उचलला आणि खात खात माझ्याकडे बघत बसली.

याला सायबेरियन सापळा म्हणतात, हे घरी येऊन कळलं. नवव्या चालीला घो-बी५ खेळलो असतो तर वजिराला धक्का बसला असता आणि डी४ वर पहारा राहिला असता. मी वर्षानुवर्षं मोरा खेळत होतो, पण नेहमी पांढऱ्याच्या बाजूने. पट फिरवायची सवय मला त्या मांडवात लागली.

मोठे खेळाडू असलं काही खेळतात का?

खेळतात, पण रोज नाही. १९६० साली मार देल प्लाताला स्पास्कीने किंग्ज गॅम्बिटने सतरा वर्षांच्या फिशरला हरवलं. फिशरने चिडून १९६१ मध्ये लेख लिहिला आणि तिसऱ्या चालीला डी६ खेळून हा गॅम्बिट मोडीत निघतो असं जाहीर केलं. पुढे दोनच वर्षांनी तोच फिशर पांढऱ्याकडून किंग्ज गॅम्बिट खेळला आणि जिंकला. फक्त तिसऱ्या चालीला घोडा न काढता उंट सी४ वर काढला, म्हणजे स्वतःच्या लेखाला वळसा घातला. १९९५ मध्ये रिगाला कास्पारोव्हने आनंदवर इव्हान्स गॅम्बिट टाकला. एकोणिसाव्या शतकातलं हत्यार, वेल्सच्या इव्हान्स नावाच्या कप्तानाचं. आनंद पंचविसाव्या चालीला हरला.

आपल्या देशातलंही एक उदाहरण आहे. १८४८ साली कलकत्त्यात जॉन कॉक्रेनने मोहेशचंद्र बंदोपाध्यायांविरुद्ध पेट्रोव्ह नावाच्या ओपनिंगमध्ये चौथ्याच चालीला एफ७ वर घोडा मारला: १.ई४ ई५ २.घो-एफ३ घो-एफ६ ३.घो×ई५ डी६ ४.घो×एफ७. दीडशे वर्षांनी, १९९९ मध्ये, लिनारेसला टोपालोव्हने हेच क्रामनिकवर टाकलं. डाव बरोबरीत सुटला. क्रामनिक पेट्रोव्हचा एवढा जाणकार, आणि चौथ्या चालीपासून त्याला स्वतःच्या डोक्याने खेळावं लागलं. मोठे लोक गॅम्बिट यासाठी खेळतात. एकदाच, योग्य माणसावर.

समोरच्याने गॅम्बिट टाकला तर घ्यावं का?

घ्या. पण धरून बसू नका. घेतलेलं प्यादं कोणत्या चालीला परत देता येईल हे घेतानाच बघून ठेवा.

आजोबा म्हणतात, आमच्या वेळी असली थेरं नव्हती. खरं का?

खरं आहे. जुन्या देशी पद्धतीत प्यादं पहिल्या चालीलाही एकच घर सरकायचं आणि राजाला कॅसलिंगऐवजी घोड्यासारखी एक अडीच घरांची उडी असायची. प्यादी एकमेकांना भिडायलाच वेळ लागायचा, मग दुसऱ्या चालीला गॅम्बिट कुठून येणार? आजोबांशी एकदा देशी नियमांनी खेळून बघा. आमच्या ओटल्यावर एक गृहस्थ अजून तसेच खेळतात आणि सवय नसलेल्याला बरोबर गारद करतात.

मुलीला एकच शिकवायचा असेल तर?

इव्हान्स. १.ई४ ई५ २.घो-एफ३ घो-सी६ ३.उं-सी४ उं-सी५ ४.बी४. सापळे कमी, मोहरे बाहेर काढायची शिस्त जास्त. प्यादं दिल्यावर सी३, डी४, कॅसलिंग, हे सगळं कारणासकट करावं लागतं, आणि हरली तरी नीट खेळून हरते. तीन टेम्पो (तीन चालींची आघाडी) म्हणजे एक प्यादं, हा जुना ठोकताळा तिला याच ओपनिंगमध्ये बोटांवर मोजून दाखवता येतो.

वही ठेवायला सांगता, त्यात लिहायचं काय?

डाव्या पानावर चाली, उजव्या पानावर एकच गोष्ट: समोरचा कुठे थांबला. घड्याळात त्याची दोन मिनिटं जिथे गेली ती चाल लाल पेनाने. घरी आल्यावर इंजिन लावायच्या आधी त्या ठिकाणी आपल्याला काय वाटलं होतं ते दोन ओळींत लिहायचं, मगच इंजिन. आधी इंजिन लावलं की माणूस "मला हेच वाटलं होतं" असं स्वतःला पटवून देतो. एका मुलाच्या वहीत स्मिथ-मोराचे अकरा डाव आहेत. जिंकलेल्या सातांपैकी पाचांत लाल खूण सहाव्या ते आठव्या चालीच्या मधेच आहे. हरलेल्या चारांत लाल खूणच नाही, म्हणजे समोरच्याला विचार करावाच लागला नाही. त्या चारांत समोरचे काय खेळले ते आम्ही दोघं आता बघतोय. चौघांनीही डी६ आणि ए६ करून वजीर सी७ वर ठेवलाय.

ओटल्यावर यायचं तर पट आणावा लागतो का?

नाही. वही आणा. पट आहेत, फक्त तिसऱ्या पटातला काळा उंट हरवलाय, त्याच्या जागी सरबताच्या बाटलीचं बूच आहे. त्याला उंटच समजायचं.